डावखुरी बाई

सरांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण घेऊन त्यांची मुलगी डोंबिवलीला माझ्या घरी आली, तेव्हाच मी ओळखलं, की नुसतं आमंत्रण असतं तर तिने ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं. ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत कोणी उगाच येत नाही. तिने पत्रिका हातात दिली, पाणी प्यायली, माझी कपाटं बघून "बापरे, किती पुस्तकं!" म्हणाली आणि मग पिशवीतून हळूच एक फाइल काढली.

"ताई, आम्ही बाबांवर गौरव-अंक काढतोय. सगळ्यांचे लेख आले, मुख्य लेख तेवढा राहिलाय. बाबांची अख्खी कारकीर्द. युरोपातली आधुनिक चित्रकला, तिथला सांस्कृतिक इतिहास, त्यांची व्याख्यानं, पुस्तकं. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

"लिहिणारे पुष्कळ आहेत. तुझ्या बाबांनी अर्धं ठाणं शिकवलंय."

"बाबा म्हणाले, तिलाच सांग."

"असं म्हणाले?"

"म्हणजे... म्हणाले, ती नाही म्हणेल, पण तिलाच सांग."

माझी आई कल्याणच्या बाजारात भाजीचे वाटे लावून बसायची. घासाघीस मी तिच्या शेजारी बसून शिकले. ती सांगायची, "पयला भाव समोरच्याला बोलू दे, मंग तू तोंड उघड." इथे सरांनी पहिला भाव बोलून टाकला होता. त्यांना मीच हवी होते.

"लिहीन," मी म्हटलं. "पण माझी एक अट आहे. तुला नाही सांगणार, सरांना सांगेन."

तिचा चेहरा उतरला. अट काय असेल याचा तिला अंदाज होता की नाही, कोण जाणे. त्या घरात त्या गोष्टीविषयी कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. माझ्या घरात मात्र मी एकटी राहत असूनही त्याच गोष्टीविषयी रोज बोलणं होत आलं आहे.

मी डावखुरी आहे. आमच्याकडे डावखुऱ्या मुलीच्या वाट्याला जे येतं ते माझ्याही वाट्याला आलं. प्रसादाला डावा हात पुढे केला की चापट. पंगतीत डाव्या हाताने वाढलं की आई सगळ्यांदेखत पळी काढून घ्यायची. शाळेत पेन्सिल उजव्या हातात देऊन डावा हात पाठीमागे धरायला लावायचे. हळूहळू मी उजव्या हाताने लिहू लागले, जेवू लागले, देवाला फूल वाहू लागले. फक्त सुरी हातात घेतली की ती आपोआप डावीकडे जायची. भाजी चिरताना कोणी बघत नसे, म्हणून तेवढा एक कोपरा माझा राहिला.

सरांना मी पहिल्यांदा ऐकलं ते ठाण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात. कॉलेज संपलं होतं, पुढे काय करायचं ठाऊक नव्हतं. सर शनिवारी संध्याकाळी तिथे युरोपच्या चित्रकलेवर बोलायचे, कोणीही यावं, बसावं. भिंतीला पांढरी चादर लावलेली, मागे प्रोजेक्टरचा पंखा घरघरतोय आणि अंधारात सरांचा आवाज. "चित्रात आधी चूल शोधा," ते म्हणायचे. थंड देशातला माणूस ऊब कुठून घेतो हे कळलं की त्याचं घर कळतं, घर कळलं की त्याचा काळ कळतो. पडद्याचं कापड कुठून आलं, खुर्ची कोणी बनवली, खिडकीची काच एवढी मोठी कशी झाली, हे सगळं ते चित्रातून काढून दाखवायचे. भाजीच्या वाट्यांमागे बसलेल्या बाईच्या मुलीला हे ऐकताना काय वाटलं असेल ते आता नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की घरी परतताना मी लोकांच्या खिडक्यांतून आत बघत चालले होते.

मूळ चित्रं आमच्यातल्या कोणीही पाहिलेली नव्हती. सर तरुणपणी शिष्यवृत्तीवर एक हिवाळा तिकडे राहून आले होते. संग्रहालयांतून हिंडत त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने चित्रांचे फोटो काढले होते. त्याच या स्लाइड्स. काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या, लाकडी पेट्यांत उभ्या रचलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात सरांनी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला असे. स्लाइड यंत्रात घालताना ठिपका ठरलेल्या कोपऱ्यात दिसला पाहिजे, म्हणजे चित्र सुलट पडतं. आम्ही विद्यार्थी डोळे मिटून ठिपक्यावर विश्वास ठेवायचो. दुसरं काही हातात नव्हतंच.

त्यांतलं एक चित्र होतं उत्तरेकडच्या एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या चित्रकाराचं, गेल्या शतकाच्या सुरुवातीचं. स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा राखाडी उजेड, आणि स्टुलावर बसून सफरचंद सोलणारी एक बाई. सुरी तिच्या डाव्या हातात.

चादरीवर ते चित्र पडलं तेव्हा मी फक्त त्या हाताकडे बघत होते. तिकडेही डाव्या हाताला मारून सरळ करत असत, हे सरांनीच शिकवलेलं. मग ही बाई त्यातून सुटली कशी? की सुटली नव्हती, आणि माझ्यासारखीच, कोणी बघत नसताना फक्त सुरीपुरती डावी होत होती? आणि चित्रकाराने तिला नेमकं तेव्हाच पाहिलं? पीएचडीला मी सरांकडेच नाव नोंदवलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांची चित्रं हा विषय होता. त्यातलं सर्वांत मोठं प्रकरण मी या एका हातावर लिहिलं. शिस्त, शाळा, चर्च, कारखाना, सगळे धागे त्या हाताशी आणून बांधले. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे तुझं आहे. असं मला सुचलं नसतं." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मी त्यांना विचारलं होतं, की या चित्राची छापील प्रत कुठून मागवता येईल का. ते म्हणाले, "स्लाइड आहे ना. मी स्वतः समोर उभं राहून काढलेली आहे. कशाला वेळ घालवतेस?"

व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक माझं बोलणं शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले. चादरीवर ती बाई सोलत बसलेली. मग ते म्हणाले, "बाई, हे चित्र मी पाहिलेलं आहे. ती उजव्या हाताने सोलते."

खोलीत विभागातले सगळे होते. कोणीतरी हसलं. मी सरांकडे बघितलं. ते उठले, यंत्रातून स्लाइड काढली, ट्यूबलाइटसमोर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. चित्रात एखादं अक्षर नव्हतं, घड्याळ नव्हतं, की ज्यावरून इतक्या वर्षांत कोणाला कळावं. पण त्या क्षणी त्यांना कळलं, हे मी त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून ओळखलं. ठिपका चुकीच्या बाजूला दिला गेला होता, म्हणून आरशातल्यासारखा उजवा हात डावा दिसत होता. त्यांनी स्लाइड खिशात टाकली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "विद्यार्थिनीने मूळ संदर्भ तपासून घ्यायला हवा होता."

एवढंच. पुढे प्रबंध परत आला, ते प्रकरण काढून टाकावं लागलं, पदवी लांबली. ठाण्याच्या ज्या कॉलेजात जागा निघणार म्हणून सरांनीच मला अर्ज करायला सांगितलं होतं, ती जागा दुसऱ्याला गेली. मुलाखतीत एकाने मिस्कीलपणे विचारलं, "त्या डावखुऱ्या बाई तुम्हीच ना?" मी फाइल टेबलावर आपटून बाहेर पडले. तेही नाव झालं. डावखुऱ्या बाई, त्यात तापट.

मग मी तासावर शिकवलं, सकाळी कल्याण, दुपारी डोंबिवली. रद्दीच्या दुकानांतून परदेशी कलापुस्तकं वजनावर उचलली. दुकानदार मला बघितल्यावर भाव वाढवायचे आणि मी तो खाली आणल्याशिवाय हलायची नाही. युरोपच्या घरांवर मराठीत पुस्तकं लिहिली. प्रकाशकांशी भांडून रंगीत पानं मिळवली. प्रत्येक चित्र तीन ठिकाणी पडताळल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. आज माझी पुस्तकं मुलं वाचतात, मला बोलावतात, हारतुरे देतात. मी कोणाच्या शिफारशीवर उभी नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते एक वाक्य ऐकू यायचं ते यायचंच.

पुढे मी ते मूळ चित्रही पाहिलं. केस पांढरे झाल्यावर तिकडे जायचा योग आला, तेव्हा आधी ते चित्र जिथे आहे त्या गावी गेले. संग्रहालयाच्या एका आडबाजूच्या खोलीत ते टांगलेलं होतं, जेवणाच्या ताटाएवढं. बाई उजव्या हाताने सफरचंद सोलत होती. मी पुष्कळ वेळ उभी राहिले. ती मला परकी वाटली. मी जिला ओळखत होते ती ठाण्यातल्या एका चादरीवर राहत होती.

तर मुलगी येऊन गेल्यावर त्याच आठवड्यात मी नौपाड्यात सरांच्या घरी गेले. काकू गेल्यापासून मुलगीच त्यांच्याकडे राहते. सर खिडकीशी आरामखुर्चीत होते, कानाला यंत्र, मांडीवर भिंग.

"ये. तब्येत बरी दिसते. भांडायला आलीस वाटतं."

"सर, लेख लिहीन. पण कार्यक्रमात तुम्ही माइकवरून सांगायचं, की ठिपका कोणी दिला होता."

कुठला ठिपका, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणजे इतकी वर्षं तो त्यांच्याही डोळ्यांसमोर होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

"आत्ता सांगतो," ते म्हणाले. "मी दिला होता. झालं?"

"मला माहीत असलेली गोष्ट मलाच काय सांगताय?"

"बरं, अंकात घालू. माझ्या मनोगतात तळटीप देतो."

"तळटीप?" माझा आवाज चढला. "मला काय तळटीपेत हसले होते लोक? अख्ख्या विभागासमोर हसले!"

"ओरडू नकोस. यंत्र शिट्टी मारतं."

"मारू दे!"

आतून मुलगी दारापर्यंत आली. सरांनी हाताने तिला जा म्हणून सांगितलं.

"तू तरी छापील प्रत मागवायला हवी होतीस," ते म्हणाले. "संशोधन म्हणतात त्याला."

"मागवणार होते. कशाला वेळ घालवतेस, असं कोण म्हणालं होतं?"

त्यांनी भिंग उचललं, पुन्हा मांडीवर ठेवलं. मग कोपऱ्यातल्या लाकडी पेट्यांकडे बोट दाखवलं. "त्या सगळ्या घेऊन जा. माझ्यामागे ही पोरगी भंगारात देईल. तुझ्याकडे राहतील."

त्या पेट्या मला हव्या होत्या. आत आल्यापासून माझी नजर तिकडेच जात होती, आणि म्हाताऱ्याने ती बरोबर पकडली होती. मी उठले. "पेट्या नकोत. येते, सर."

"बस गं. उठून जाणारी बाई पिशवी खुर्चीवर ठेवून जात नाही."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. मी बसले.

मग ते खिडकीबाहेर बघत बोलू लागले. तो परीक्षक त्यांच्याविषयी गावभर सांगत असे, की हा माणूस एका हिवाळ्याच्या पुंजीवर जन्मभर दुकान चालवतोय. एक स्लाइड उलटी निघाली असती, तर बाकीच्या किती उलट्या आहेत, हे त्याने विचारलंच असतं. "आणि मला तरी कुठे ठाऊक होतं, बाकीच्या सुलट आहेत म्हणून?" सर म्हणाले. "त्या रात्री मी सगळ्या पेट्या काढून बसलो. पडताळायचं कशावरून, तेच कळेना. मीही विसरलो होतो गं. तिथे मी जे पाहिलं ते जाऊन, चादरीवर जे दिसायचं तेच माझ्या डोक्यात उरलं होतं. ती बाई मलाही डावखुरीच आठवत होती."

"मग तेच सांगायचं होतंत."

"हिंमत झाली नाही. तू तरुण होतीस. वाटलं, तू सावरशील."

"सावरले. तुमच्यामुळे नाही."

"ते बघतोय मी."

खाली रिक्षावाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता.

"सांगतो माइकवरून," सर शेवटी म्हणाले. "आणि तू लेखात काय लिहिशील?"

"तुम्ही जे दिलंत ते सगळं."

"आणि हे?"

"हे तुम्ही सांगणार ना? मग माझ्या लेखात येणार नाही. एका मालाचे दोनदा दाम मी घेत नाही."

लेख लिहायला बसले आणि कठीण गेलं. चूल शोधण्यापासून सुरुवात केली. माझ्या प्रत्येक पुस्तकात बघण्याची जी रीत आहे ती त्या चादरीवरून आलेली, हे लिहिताना पेन अडायचं. मी चिडून उठायची, चहा करायची, पुन्हा बसायची. इतक्या वर्षांत मी स्वतःला सांगत आले होते, की माझं मी केलं. केलंच होतं. पण चिरायला भाजी कोणी आणून दिली होती, तेही लिहावं लागलं. ठरलेला माल चोख द्यायचा, ही आईची दुसरी शिकवण. कार्यक्रमाच्या आधी लेख पोचता केला.

कार्यक्रम टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये होता. सकाळी होम झाला, बायकांनी सरांना दिव्यांनी ओवाळलं. नातवंडं, जुने विद्यार्थी, शेजारी, सगळा हॉल भरलेला. सूत्रसंचालन सरांचे जावई करत होते, गोड आवाजाचे गृहस्थ. अंकाचं प्रकाशन झालं. मग सरांच्या खुर्चीशी माइक नेला.

ते थोडंसंच बोलले. आभार मानले, काकूंची आठवण काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध एका चित्रावर उभा होता. त्या चित्राची स्लाइड मी उलटी चिन्हांकित केली होती. चूक माझी होती. परीक्षेत ते उघडकीला आलं, तेव्हा मी गप्प बसलो आणि दोष तिच्यावर जाऊ दिला. त्यामुळे तिची मिळणारी नोकरी गेली. ती इथे बसलेली आहे."

इतक्या वर्षांची गोष्ट, शब्दाला शब्द, कुठेही पळवाट न ठेवता. त्यांनी एक पैही कापली नव्हती.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून. जावईबापू माइकपाशी धावले. "केवढं हे मोठेपण! या वयात, या उंचीवर पोचल्यावर, एका क्षुल्लक तांत्रिक चुकीची एवढी जाहीर कबुली! फळांनी लगडलेलं झाड वाकतं म्हणतात ते हेच!" माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. "भाग्यवान हो तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "असे गुरू मिळाले."

क्षुल्लक. तांत्रिक. मी खुर्चीचा दांडा धरून बसून राहिले, नाहीतर उठून तो माइक हिसकावला असता. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं आणि ते माझ्या हातात येण्याआधीच सरांच्या ओंजळीत जाऊन पडलं होतं. मी स्टेजवर बघितलं. सर टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नव्हते. त्यांनी हात वर करून थांबा, थांबा अशी खूण केली, दोनदा केली. लोकांना वाटलं, तीही विनम्रताच. टाळ्या वाढल्या.

जेवणाआधी सगळे रांगेने त्यांच्या पाया पडायला गेले. मी शेवटी गेले. मुलगी पेढ्यांचं ताट घेऊन शेजारी उभी होती. मी वाकले नाही. ते खालून माझ्याकडे बघत राहिले.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "सगळं सांगितलं. त्यांना कळलं नाही."

"बघितलं मी."

"फिटलं?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली, जणू हा भाव त्यांना आधीच ठाऊक होता. मग ताटातला एक पेढा उचलून माझ्यासमोर धरला. माझा डावा हात पुढे गेला. मी मुद्दाम केला असं म्हणायला मला आवडेल, पण तो आपोआप गेला.

"ताई, अहो, आज तरी उजवा..." मुलगी पटकन म्हणाली.

"राहू दे," सर म्हणाले. "तिचा हात तोच आहे."

त्यांनी पेढा माझ्या डाव्या तळहातावर ठेवला आणि क्षणभर बोटं तिथेच राहिली. गार होती बोटं. मागे जावईबापू पंगत वाढल्याची घोषणा करत होते.

मी माफ केलं, असं कोणी समजू नये. गौरव-अंकात यातलं काही नाही, माझा लेख ठरल्याप्रमाणे स्वच्छ आहे. आणि टाळ्या वाजवलेल्यांपैकी कोणाला ती गोष्ट आज आठवत असेल असं वाटत नाही. म्हणून इथे लिहून ठेवली. बाजार उठताना आई शेवटच्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "परवडत नाय, पण ने." तसाच, पुरता भाव न मिळताही, तो पेढा मी घेतला. तिथेच उभी राहून खाल्ला आणि जाता जाता मुलीला सांगितलं, की पेट्या न्यायला उद्या टेम्पो पाठवते.